छोट्या व्यवसायाच्या संकेतस्थळावर क्रेडिट कार्ड घ्यावे की यूपीआय पुरेसे आहे?

गिरगावकर:
आमचा गिरगावात घरगुती फराळाचा व्यवसाय आहे आणि यंदा दिवाळीची मागणी संकेतस्थळावरून घेण्याचे ठरले आहे. माझ्या भागीदार म्हणतात की यूपीआयचा क्यूआर लावला की झाले, कार्डाच्या भानगडीत पडू नये. मला हे पटत नाही. पार्ल्यातल्या आईवडिलांना फराळ पाठवू इच्छिणारी मुले अमेरिकेत किंवा जर्मनीत असतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे तिथलेच कार्ड असते. शिवाय क्यूआरवर पैसे भरून लोक व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवतात, आणि मग कोणती रक्कम कोणत्या मागणीची हे रात्री बँकेच्या नोंदींशी ताडून पाहावे लागते.

लालबागकर:
ताई, ताडून पाहण्याचा त्रास यूपीआयमुळे होत नाही, नुसता क्यूआर चिकटवल्यामुळे होतो. पेमेंट गेटवेतून, म्हणजे संकेतस्थळावर ग्राहकाचे पैसे स्वीकारून तुमच्या खात्यात पोहोचवणाऱ्या सेवेतून, यूपीआय घेतले तर रक्कम आणि मागणी क्रमांक आपोआप जुळतात. खर्चही पाहा. कार्डावर 2 टक्के शुल्क धरले, तर 2,500 रुपयांच्या मागणीवर 50 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 9, म्हणजे 59 रुपये गेले. परदेशी कार्डाचा दर त्याहून चढा असतो. मागणी रद्द झाली तर ग्राहकाला पूर्ण रक्कम परत द्यावी लागते, पण हे शुल्क सहसा परत मिळत नाही. यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराला द्यावे लागणारे व्यवहार शुल्क, मात्र जानेवारी 2020 पासून शून्य आहे. चकलीच्या किलोमागे हाती काय उरते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मुलुंडकर:
मी छोट्या दुकानांचे हिशेब पाहतो. कार्ड जरूर घ्यावे, पण सुरुवातीला फक्त भारतीय बँकांचे. त्यांच्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपीसारखी दुसरी पडताळणी लागते. परदेशी कार्डाला ती दर वेळी लागेलच असे नाही, आणि कार्डधारकाने पुढे 'हा व्यवहार माझा नाही' असे म्हटले की चार्जबॅक होऊन रक्कम तुमच्या खात्यातून वळती होते. तोवर फराळ खाऊनही झालेला असतो. आणखी एक गोष्ट म्हणजे कार्डाचा क्रमांक स्वतःच्या फॉर्मवर कधीही लिहून घेऊ नका. ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना तो साठवायला मनाई केली आहे, त्यामुळे पैसे भरण्याचे पान गेटवेचेच ठेवावे.

गिरगावकर:
परदेशी कार्ड बंद ठेवले तर माझा मूळ हेतूच उरत नाही. शुल्क मी डब्याच्या किमतीत आधीच धरले आहे. फराळ मुंबईतच पोहोचवायचा असल्याने घेणाऱ्याची सही आणि तारीख आमच्याकडे राहील, आणि चार्जबॅक आला तर तोच पुरावा देता येईल.

लालबागकर:
त्या सहीवरून डबा पोहोचला एवढेच सिद्ध होते. कार्ड चोरीचे असेल, तर खऱ्या मालकाने संमती दिली होती हे तुम्ही कशावरून दाखवणार?

मुलुंडकर:
लालबागकरांचा मुद्दा रास्त आहे. तरीही, ज्या परदेशी कार्डाची पडताळणी थ्रीडी सिक्युअरने, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडून कार्डधारकाची खात्री करून घेणाऱ्या पद्धतीने, पूर्ण होते, त्यावरील फसवणुकीची जबाबदारी बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते.

गिरगावकर:
मग गेटवेवाल्यांना पहिला प्रश्न हाच विचारते, की पडताळणी न झालेले परदेशी कार्ड आपोआप नाकारण्याची सोय त्यांच्याकडे आहे का. असेल, तरच परदेशी कार्डे सुरू करू; भारतीय कार्डे आणि यूपीआय मात्र लगेच.