वडील हयात असतानाच शेतीची वाटणी करून घ्यावी का?

बांधकरी:
आमची सव्वातीन एकर बागायत. आजोबा 1998 साली गेले. वारस नोंद झाली, वाटप कधीच नाही. सातबाऱ्यावर वडील, दोन काका, तीन आत्या अशी सहा नावं. धाकटे काका वारले, त्यांच्या तीन मुलांची नावं अजून लागायची आहेत. कसतो सगळे तोंडी वाटपावर. गेल्या वर्षी सामाईक विहिरीतली मोटर जळाली. विहिरीत कुणाचे चार आणे, कुणाचे दोन आणे यावरून वीस दिवस ती कुणी भरायला टाकली नाही आणि कांदा उभ्या उभ्या वाळला. म्हणून सांगतो, थोरले धडधाकट असतानाच वाटणी करून फेरफार, म्हणजे महसुली दप्तरी नावांची नवी नोंद, पाडून घ्या. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली होतं. उशीर केला की नावं वाढतात आणि सह्या मिळत नाहीत.

माळावरचा:
अजिबात करू नका. मी 68 वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी दोन्ही मुलांना वाटून दिलं, स्वतःला काही ठेवलं नाही. आता दवाखान्याला पैसे मागितले की थोरला धाकट्याकडे बोट दाखवतो. मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. मन बदललं तर नवं करता येतं. वाटणी एकदा झाली की झाली.

बांधकरी:
काका, वाचून वाईट वाटलं. पण वडिलोपार्जित जमिनीत मृत्युपत्र आपल्या हिश्श्यापुरतंच चालतं. आमच्याकडे जुनी माणसं वाटणीत आई-वडिलांची जिवाई, म्हणजे त्यांच्या पोटापाण्यापुरती जमीन, आधी बाजूला काढायची. तेच करावं.

माहेरवाशीण:
दोघंही मुलांचंच बोलताय. ‘सह्या मिळत नाहीत’ म्हणता, त्या सह्या आत्यांच्याच ना? वडिलांचं तेरावं झालं आणि पाचव्या दिवशी मला दुय्यम निबंधकांकडे नेलं. भाऊ म्हणाला, वारसाचा कागद आहे. अंगठा मशीनवर ठेवला, फोटो काढला, घरी येऊन वाचलं तर हक्कसोडपत्र, म्हणजे माझा हिस्सा सोडल्याचा कागद. मुलीला जन्मापासून हक्क आहे. महाराष्ट्राने 1994 सालीच कायदा बदलला, केंद्राने 2005 साली, आणि वडील 2005 मध्ये हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. वाटणी हयातीत व्हावी हे मलाही पटतं, पण लेकींना समोर बसवून.

तालुक्याची वकील:
बांधकरींनी गुंठे मोजावेत. सव्वातीन एकर म्हणजे 130 गुंठे. सहा हिस्से समान धरले तर प्रत्येकी साधारण साडेएकवीस. धाकट्या काकांच्या तीन मुलांत तेच वाटलं तर सात-सव्वासात. बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे लहानात लहान चालणारा तुकडा, बहुतेक जिल्ह्यांत 10 गुंठे आहे, 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात त्याखाली तुकडा पाडता येत नाही. अजून एक पिढी थांबलात तर वाटपच अडकेल. माळावरचे काका, तुम्ही 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मुलांकडून निर्वाह भत्ता मागू शकता. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा, दरमहा 10 हजारांपर्यंत मिळू शकतो.

माळावरचा:
ताई, पोटच्या पोरांवर अर्ज करायला हात उचलत नाही. आणि जिवाई काढली तरी या वयात ती कसायची कुणी? शेवटी त्याच पोराला वाट्याने द्यावी लागते.