मदत हवी आहे: मसाज थेरपिस्ट व्हायचं आहे, कोर्स आणि परवाना यांत गोंधळ उडालाय

नमस्कार मंडळी,

१४ वर्षं हिशेब तपासून झाले, आता मसाज थेरपी हेच पोटापाण्याचं काम करायचं ठरवलं आहे. अचानक सुचलेलं खूळ नाही. गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी एका थेरपिस्ट बाईंकडे मदतीला जाते. चादरी बदलते, टेबल पुसते आणि त्या सांगतील तेव्हा खांदे-पाठ करते. "हात चांगला आहे, पण रीतसर शिक," असं त्यांनीच सांगितलं.

दोन कोर्स समोर आहेत. एक १५ दिवसांचा, बराचसा व्हिडिओवर, शेवटी 'आंतरराष्ट्रीय डिप्लोमा'. त्यावर जगात कुठेही परवाना मिळतो म्हणे. दुसरा वर्षभराचा, ६०० तासांचा. तो नोकरी सांभाळून जमवायचा म्हणजे कसरतच आहे. नवऱ्याच्या कामामुळे पुढेमागे देश बदलायची शक्यता आहे, म्हणून पहिल्याचा मोह होतो. तो परवाना खरंच सगळीकडे चालतो का? शिकवणारी संस्था बरी की वाईट हे बाहेरून कसं ओळखायचं?

आणखी एक, जरा लाजत विचारते. आत्ताच उजवा अंगठा दुखतो. सुरुवातीला सगळ्यांचाच दुखतो का?

फुटपट्टी:
ताई, जगभर चालणारा मसाजचा परवाना अस्तित्वातच नाही. प्रमाणपत्र संस्था देते, परवाना तिथलं सरकार किंवा कायद्याने नेमलेलं मंडळ देतं. जाहिरातवाले हे दोन शब्द मुद्दाम एकमेकांत मिसळतात.

अमेरिकेत नियम राज्यागणिक वेगळे. बहुतेक राज्यांत परवाना लागतो. शिक्षणाची अट अनेक ठिकाणी किमान ५०० तासांची, न्यूयॉर्कमध्ये १०००. शिवाय बहुतेक राज्यं एमब्लेक्स ही परीक्षा मागतात: १०० प्रश्न, ११० मिनिटं. शरीररचना आणि हालचाल तर असतेच, पण आजार, मसाज कधी करू नये, व्यवसायाची नीतिमत्ता यांवरही भरपूर प्रश्न असतात. कॅनडात काही प्रांतांत हा व्यवसाय कायद्याच्या कक्षेत आहे, काहींत नाही. ब्रिटनमध्ये तर देशपातळीवर सक्तीचा परवानाच नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. आता सांगा, एकच कागद या तिन्हीकडे कसा चालणार?

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. जिथे काम करायची शक्यता आहे तिथल्या मंडळाचे नियम आधी वाचा, मग कोर्स निवडा. संस्थेकडून विषयवार तासांचा सही-शिक्क्याचा तक्ता मिळेल का, हे प्रवेशाआधीच विचारा. देश बदलल्यावर डिप्लोम्याच्या चौकटीपेक्षा तो तक्ता जास्त कामाला येतो.

सहजच:
त्यापेक्षा फिजिओथेरपी का नाही करत? मान तरी मिळेल.

धागाकर्ती:
सहजच, ती काही वर्षांची पूर्ण पदवी आहे आणि कामही वेगळं. मला मसाजच करायचा आहे. मानाचं बघू नंतर.

कोपरापासून:
मी २० वर्षं हेच काम करते. परवान्याचं वर आलंच आहे, मी अंगठ्याचं बोलते. नाही, सगळ्यांचा दुखत नाही. तुम्ही जोर बोटांतून काढताय. हा व्यवसाय सोडावा लागलेल्या माझ्या ओळखीच्या निम्म्या जणी अंगठा किंवा मनगट गेलं म्हणून घरी बसल्या आहेत.

जोर लावायचा नसतो, अंगाचं वजन टाकायचं असतं. एक पाय पुढे, एक मागे, पाठ सरळ आणि वजन पुढच्या पायावर सरकवत जायचं. पाठीसारख्या मोठ्या भागावर कोपर ते मनगट हा भाग वापरा, अंगठा नेमक्या गाठीपुरता राखून ठेवा, तोही दुसऱ्या हाताचा आधार देऊन. टेबल उंच असेल तर वजन टाकताच येत नाही, खांदे वर चढतात आणि सगळा भार अंगठ्यावर येतो. टेबलाशेजारी हात सैल सोडून उभ्या राहा. मुठीची पेरं टेबलाला टेकतील एवढी उंची सुरुवातीला ठीक. दुखणं आठवडाभरात कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

संस्था ओळखायची माझी खूण सांगते. एका वर्गाला बसून बघा. कुठे हात लावायचा नाही, हे किती लवकर शिकवतात? गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्यामागची खळगी या ठिकाणी रक्तवाहिन्या आणि नसा वरवर असतात, तिथे खोल दाब नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मसाज नाहीच, माणसाला तातडीने डॉक्टरकडे पाठवायचं. हे व्हिडिओ बघून पाठ होतं, पण समोर पोटरी आली की ओळखता येतंच असं नाही. त्यासाठी शेजारी शिक्षक उभा लागतो. आणि मसाजने अंगातली विषद्रव्यं बाहेर पडतात असं शिक्षकच सांगू लागला तर चप्पल घालून निघा!

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे फोन केले. १५ दिवसवाल्यांना विचारलं, परवाना नक्की कोणतं मंडळ देतं? उत्तर आलं, "आमचंच मंडळ आहे, मॅडम." तो विषय संपला. वर्षभरवाल्यांनी तासांचा तक्ता न मागताच पाठवला. ६०० पैकी १५० तास शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष माणसांवर काम. पुढच्या आठवड्यात वर्गाला बसून बघणार आहे.

कोपरापासून, पेरं टेकवून पाहिली. बाईंचं टेबल मला चार बोटं उंच पडतं आणि त्याची उंची बदलत नाही. मी फळीवर उभी राहिले तर चालेल का?

कोपरापासून:
नको. फळीवर पाय सरकवता येत नाहीत, पुन्हा हातांनीच ढकलाल, शिवाय पडायची भीती. तोवर बाईंकडे फक्त चादरी बदला.