एनबीए २के: ९५ आणि ७० स्पीडमधला फरक खऱ्या कोर्टवर एवढा असतो का?

फास्टब्रेक_फॅन:
एनबीए २के या बास्केटबॉल व्हिडिओ गेममध्ये ९० च्या वर स्पीड रेटिंगचा गार्ड (बॉल आणणारा चपळ खेळाडू) सुटला की ७० स्पीडचा फॉरवर्ड (उंच खेळाडू) त्याच्या आसपासही पोचत नाही. खऱ्या सामन्यात मात्र उंच खेळाडू मागून येऊन लेअप (बास्केटजवळून टाकलेला शॉट) ब्लॉक करताना सर्रास दिसतात. रेटिंगची पट्टी २५ ते ९९ ची आहे, मग ९९ वाला ६६ वाल्याच्या दीडपट पळतो असं धरायचं का? एनबीएच्या साइटवर प्रत्येकाचा सरासरी वेग मिळतो, त्यावरून रोस्टर (गेममधले खेळाडू आणि त्यांचे आकडे) दुरुस्त करायचा विचार आहे. मायएनबीए (संघ अनेक सीझन चालवायचा मोड), ऑफलाइन, १२ मिनिटांचे क्वार्टर.

बेसलाइन७५:
दीडपट कुठला! ड्राफ्ट कम्बाइनमधली (एनबीएत येऊ पाहणाऱ्या नव्या खेळाडूंच्या चाचण्या) पाऊण कोर्टची धाव बघा. अंतर ७५ फूट, म्हणजे २२.८६ मीटर. डेरिक रोझ (२००८) ३.०५ सेकंद, स्टेफ करी (२००९) ३.२८, केव्हिन ड्युरंट (२००७) ३.४५. रोझचा सरासरी वेग झाला सेकंदाला ७.५ मीटर, ड्युरंटचा ६.६. जेमतेम १३ टक्के फरक. रोझ रेषेवर पोचतो तेव्हा ड्युरंट साधारण ३ मीटर मागे असतो. आता ड्युरंटचा हात केवढा लांब आहे ते आठवा, म्हणजे मागून येऊन ब्लॉक कसा होतो ते कळेल.

रेटिंग हा वेग नाहीच, तो क्रम आहे. लीगमध्ये कोण कोणाच्या पुढे एवढंच तो सांगतो. त्या क्रमाचं अंतरात रूपांतर गेम आपल्या सोयीने करतो आणि जरा ताणूनच करतो, नाहीतर कंट्रोलर हातात घेतल्यावर दोन खेळाडूंत फरकच जाणवायचा नाही.

शिवाय कोर्ट ९४ फुटांचा. उसेन बोल्टसुद्धा सर्वोच्च वेगाला ६० मीटरच्या पुढे पोचायचा, इथे २८ मीटरमध्ये भिंत आली! म्हणजे बास्केटबॉलमध्ये खरं काम पहिल्या तीन-चार पावलांचं. आणि सरळ धावणं वेगळं, वळणं वेगळं: लेन अजिलिटी चाचणीत (दिशा बदलत पळायची चाचणी) करी ११.०७ आणि रोझ ११.६९. सरळ रेषेत मागे पडणारा करी तिथे सहा दशांश सेकंदांनी पुढे. २के मध्ये स्पीड आणि अजिलिटी (जुन्या आवृत्त्यांत अ‍ॅक्सिलरेशन) हे आकडे वेगळे आहेत ते बरंच आहे, पण रोस्टर एडिट करणारे दोन्ही एकदम चढवतात आणि सगळं बिघडवतात.

फ्रेममोजणी:
अंदाजावर जाऊ नका, मोजा. सोपं आहे.

फ्री थ्रो लाइन बेसलाइनपासून १९ फुटांवर असते. ९४ वजा १९ म्हणजे ७५. थोडक्यात, एका बेसलाइनपासून समोरच्या फ्री थ्रो लाइनपर्यंत पळवलं की तीच कम्बाइनची धाव झाली, गेममध्ये वेगळी टेप लावायला नको.

एकाच उंची-वजनाचा खेळाडू घ्या, बाकी सगळं तसंच ठेवून फक्त स्पीड ९९, ८० आणि ६० करा. सरावाच्या मोडमध्ये बॉल दुसऱ्याकडे देऊन टर्बो (जोरात पळण्याचं बटण) दाबून पळवा. बॉल हातात असेल तर वेग 'स्पीड विथ बॉल' या वेगळ्या रेटिंगवर ठरतो आणि मोजणी वाया जाते. थकवा बंद ठेवा. कन्सोलचं रेकॉर्डिंग ६० फ्रेमवर आहे ना ते आधी बघा, मग क्लिप व्हीएलसीत उघडून 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. ६० फ्रेमच्या हिशोबात रोझ १८३ फ्रेम, करी १९७, ड्युरंट २०७.

बटण दाबल्यापासून मोजू नका, पाय हलल्यापासून मोजा. बटणाच्या वेळेत टीव्हीचा लॅग आणि सुरुवातीचं अ‍ॅनिमेशन दोन्ही मिसळतात. कम्बाइनमध्येही खेळाडू स्वतःहून निघतो, पिस्तुलाच्या आवाजावर नाही. प्रत्येक रेटिंगला तीन-चार धावा घ्या, कारण निघताना गेम कुठलं अ‍ॅनिमेशन लावेल त्यावर चार-पाच फ्रेम इकडेतिकडे होतात.

९९ आणि ६० मध्ये २५ फ्रेमच्या आसपास फरक आला तर तक्रारीला जागा नाही. ४०-५० आला तर पट्टी दाबायला, म्हणजे रेटिंगमधलं अंतर कमी करायला हवं.

फास्टब्रेक_फॅन:
ही मोजणी करून बघतो. फरक जास्त निघाला तर क्विकनेस स्लायडर (खेळाडूंच्या वेगाची सेटिंग) खाली आणला की पुरेल ना? आणि सरासरी वेगाचं काय?

सहावा_माणूस:
सरासरी वेग विसरा. तो साधारण ताशी ४ ते ५ मैल असतो, कारण त्यात चालणं, कोपऱ्यात उभं राहणं, सगळं धरलेलं असतं. बॉल रमतगमत आणून आयसोलेशन (एकास एक) खेळणारा गार्ड तिथे तळाला दिसतो आणि बेंचवरून येऊन दहा मिनिटं पळापळ करणारा वर. तो आकडा भूमिकेचा आहे, पायांचा नाही. तो स्पीडमध्ये भरलात तर रोस्टरची वाट लागेल.

क्विकनेस स्लायडरने सगळेच हळू होतात, आपसातलं अंतर तसंच राहतं. अंतर कमी करायचं तर तुमच्या आवृत्तीत वेगाच्या किमान-कमाल मर्यादांचे स्लायडर असतील तिथे, नाहीतर थेट रोस्टरमध्ये. रोस्टरसाठी सोपं सूत्र: ७५ पासूनचं अंतर ०.६ ने गुणा. ९५ चा ८७ होतो, ७० चा ७२, ५० चा ६०. अजिलिटीला हात लावू नका, पहिल्या पावलातला फरक तिथेच टिकतो.

यात दोन गोष्टी बिघडतात. स्पीड बदलला की ओव्हरऑल (एकूण रेटिंग) सरकतो, आणि त्यावरून संगणकाचे संघ ट्रेडची किंमत ठरवतात. वेगावर जगणारे गार्ड मग स्वस्तात मिळायला लागतात. म्हणून हे सीझन सुरू होण्याआधीच करा आणि ट्रेड थोडे कडक ठेवा. दुसरं म्हणजे ड्राफ्ट क्लास (दर वर्षी येणारी नव्या खेळाडूंची तुकडी). नवे खेळाडू जुन्या पट्टीचेच आकडे घेऊन येतात, त्यामुळे तीन-चार सीझननंतर तोच फरक परत दिसतो. दर वर्षी ड्राफ्टआधी क्लास उघडून तेच सूत्र लावावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

बेसलाइन७५:
+१. फक्त सेंटर (बास्केटजवळ खेळणारे सर्वांत उंच खेळाडू) ६० च्या वर चढले की मदतीला फार लवकर पोचतात आणि लॉब (बास्केटजवळ उंच फेकलेले पास) बंद होतात. पाच नंबरवाल्यांना (सेंटरना) ०.६ ऐवजी ०.८ लावा.