ज्यूच नाहीत त्या गावातलं सिनेगॉग जपायचं कोणासाठी?

द्राक्षवेडा: हंगेरीतल्या टोकाय भागात माड नावाचं छोटंसं वाईनचं गाव आहे. तिथलं 1795 चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) 2004 मधे झकास दुरुस्त केलं, नंतर शेजारचं रब्बीचं (ज्यू धर्मगुरूचं) घर नि येशिवा (धर्मशिक्षणाची शाळा) पण. देखणं काम, वाद नाही. पण 1944 मधे तिथल्या ज्यूंना ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत पाठवलं आणि गावात आता समाजच उरला नाही हो. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते आणायचे कुठून? टूरिस्ट येणार, फोटो काढणार, मग तळघरात जाऊन आसू (तिथली गोड वाईन) चाखणार. माझ्या मते ही वाईन टूरची सजावट आहे, वारसा नाही.

खारा वारा: अजिबात पटलं नाही. ती वाईन पोलंडपर्यंत पोचवणाऱ्यांत ज्यू व्यापारी मोठे होते, त्यांचे स्वतःचे मळे होते. कोशर (ज्यू धर्मनियमांत बसणारी) वाईन म्हणजे द्राक्ष चिरडण्यापासून बाटली बंद होईपर्यंत धर्म पाळणाऱ्या ज्यूंचेच हात लागायला हवेत, म्हणजे मजूर, तळघरवाले सगळे गावातच हवेत. सिनेगॉग पडू दिलं तर उद्या गाईड फक्त राजेरजवाड्यांच्या गोष्टी सांगेल, बस्स.

निवांत नाना: जवळच्या बोद्रोगकेरेस्तूरला जाऊन बघा की. तिथले रब्बी रेब शायेले, 1925 मधे वारले, दारात येईल त्याला जेवू घालायचे. त्यांच्या पुण्यतिथीला हजारेक वस्तीच्या गावात जगभरातून हजारो हसिदी (कट्टर धार्मिक पंथाचे ज्यू) येतात, आजही पंगती उठतात आपल्या सप्त्यासारख्या. (त्यांचा फोटो लावला की घरात उंदीर येत नाहीत म्हणे, आमच्या सोसायटीला हवाय एक 😄) पण तिथे गावकरी ट्रॅफिकवरून नि घरं विकली जातायत म्हणून कुरकुरतात. म्हणजे रिकामं असलं तरी बोंब, भरलं तरी बोंब.

खारा वारा: अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगचं काय मग? बेने इस्रायली (आपले कोकणातले ज्यू) बहुतेक इस्रायलला गेले, तरी ते जपलंय, इस्रायलमधून पुढच्या पिढ्या येतात बघायला.

द्राक्षवेडा: ही तुलनाच चुकीची. अलिबागचे लोक आपल्या पायांनी गेले, शेजाऱ्यांशी मराठीत निरोप घेऊन. माडच्या लोकांना हंगेरीच्याच पोलिसांनी घराबाहेर काढलं. सजावट म्हणालो ते मागे घेत नाही. ग्लासात वाईन ओतायच्या आधी ते तळघर 1944 पूर्वी कोणाचं होतं हे जिथे सांगतात, तिथे मी वारसा म्हणेन.