सेंट हेलेनाला जाताना पैसे कसे न्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांना घेऊन सेंट हेलेना या अटलांटिक महासागरातल्या ब्रिटिश बेटावर जायचं पक्कं केलंय. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, वय ७४. आयुष्यभर वर्गात नेपोलियन शिकवला. १८२१ मध्ये त्याने जिथे प्राण सोडला ते लाँगवूडचं घर एकदा डोळ्यांनी बघायचंय त्यांना. जोहान्सबर्गहून विमान आहे, तिकिटाचं जमेल. घोडं अडलंय ते पैशांवर.

बेटाचा स्वतःचा पौंड आहे, ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचा. पुण्यात दोन ठिकाणी विचारलं, दोघांकडेही नाही. बेटावर बँक एकच, एटीएम नाही आणि कार्ड मोजक्याच ठिकाणी चालतं, असं वाचलंय. बाबांना मधुमेह आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १९०० किलोमीटर आत समुद्रात पैसे संपले तर मागायचे कुणाकडे, या विचाराने झोप उडालीय.

इंग्लंडच्या नोटा तिथे थेट घेतात का? दादा लंडनला होता तेव्हाच्या वीस पौंडांच्या सहा कागदी नोटा घरात आहेत, ॲडम स्मिथचं चित्र असलेल्या. त्या चालतील? आणि बेटाचे पौंड उरले तर इकडे बदलून मिळतात का?

उत्तर १

ताई, मी जहाजावर नोकरी करतो, बेटाच्या राजधानीत, जेम्सटाउनला, दोनदा उतरलोय. इंग्लंडच्या नोटा बिनदिक्कत घेतात, पण सुटे परत देताना बेटाचेच हातात पडतात. माझी दहाची एक नोट अशीच खिशात राहिली. केप टाउनला चलन बदलायला गेलो, तर बाईंनी नोट उलटसुलट पाहिली आणि काचेखालून परत सरकवली. म्हणून बेटावरून निघायच्या आधी तिथल्याच बँकेत उरलेल्या नोटा बदलून घ्या. नाण्यांवर असेन्शन या दुसऱ्या बेटाचंही नाव असतं, तीही तिथेच संपवा.

कागदी नोटा मात्र नेऊ नका. ३० सप्टेंबर २०२२ नंतर त्या इंग्लंडमध्येच व्यवहारातून गेल्या. पैसे बुडालेले नाहीत, बँक ऑफ इंग्लंड अजून बदलून देते. इथून प्लास्टिकच्या नव्या नोटा घ्या, पाच-दहाच्या जास्त. रोख परकीय चलन ३००० डॉलरएवढ्या किमतीपर्यंत नेता येतं, तुम्हाला तेवढं लागणारही नाही. औषधं इथूनच पुरून उरतील एवढी घ्या.

धागाकर्ती

दादा, खूप मोठा आधार दिलात. आता एकच विचारते, राहण्याचे पैसे आधीच बँकेतून पाठवता आले तर रोख कमी बाळगावी लागेल. असं कुणी केलंय का?