‘क्रोकी’ला मराठीत काय म्हणावं?

फ्रेंच फॅशन डिझायनर दिओरनं स्वतः काढलेल्या एका पोशाखाच्या चित्राखाली मराठी ओळ द्यायची आहे. फ्रेंचमध्ये त्याला ‘क्रोकी’ म्हणतात. ‘आराखडा’ चालेल?

– आराखडा नको. त्यात मापं आली; तो महापालिकेत मंजुरीला जातो. क्रोकीचं मूळ क्रियापद ‘क्रोके’, म्हणजे काहीतरी कुडुमकन चावणं, आणि त्याचाच दुसरा अर्थ झरझर रेखाटणं. खांद्याचा उतार, मुठीत मावेलशी कंबर, तिच्याखाली एकदम फुललेला घेर, की संपलं. चेहरा पुष्कळदा कोराच. मी ‘रेखाटन’ म्हणेन.

– मग ‘बेत’ का नको? आपला शिंपी कापड बेततो, आणि बेत म्हणजे योजनाही. फ्रेंचमध्ये ‘देसँ’ असंच आहे की! उच्चार एक, पण एका स्पेलिंगचा अर्थ चित्र, दुसऱ्याचा हेतू.

– शब्द झकास, पण तो पुढच्या पायरीचा. दिओर आपल्या रेखाटनांना ‘पेतीत ग्राव्ह्यूर’, छोटी कोरीव चित्रं, म्हणायचा. त्यातली निवडक शिवणघरात गेली की आधी साध्या सुती कापडात पोशाख उभा राही; त्याला म्हणतात ‘त्वाल’. आपल्याकडे मांजरपाट घेतला असता. टाचण्या लावायच्या, उसवायचं, परत टाचायचं. बेतणं ते इथं. पॅरिसच्याच दुसऱ्या डिझायनर मादाम ग्रे तर कापड थेट अंगावर चुण्या घालत बेतायच्या. तिथं बेत होता, रेखाटन नव्हतं.

– आणि चित्रकार रने ग्रुओची चित्रं? ‘मिस दिओर’ अत्तराच्या जाहिरातीतला, गळ्यात मोत्यांची माळ घातलेला तो हंस?

– ती क्रोकी नव्हेत. ती गिऱ्हाइकाला भुरळ घालायला, क्रोकी शिवणाऱ्याला कळायला. ग्रुओचं काम ‘फॅशनचित्र’ म्हणा. दोन्हींना ‘स्केच’ म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो, पण असो.

– जाता जाता: १२ फेब्रुवारी १९४७ला पॅरिसमध्ये दिओरनं पोशाखांचा पहिला संग्रह दाखवला, त्यातल्या एका ‘रेषे’चं, म्हणजे पोशाखांच्या घाटाचं, नाव ‘कोरोल’ होतं. ‘हार्पर्स बझार’ या अमेरिकन फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो त्या संग्रहाला ‘न्यू लुक’ म्हणाल्या आणि जगभर तेच चिकटलं. ‘कोरोल’ला मराठी?

– वनस्पतिशास्त्रात तयार आहे: दलपुंज. फुलाच्या सगळ्या पाकळ्या मिळून. घागऱ्यासारखा घेर डोळ्यांपुढे आणा, चपखल बसतो.

– ‘दलपुंज’ वाचून संपादक फोन करतील.

– करू देत.