मदत हवी आहे : अल्टिमेट चिकन हॉर्समध्ये आईला कसं टिकवायचं?

मंडळी, निन्टेंडो स्विचवर (गेम कन्सोलवर) अल्टिमेट चिकन हॉर्स खेळणारं कुणी आहे का इथे? मॉन्ट्रियलच्या क्लेव्हर एंडेव्हर गेम्सचा, 2016 सालचा गेम. प्रत्येक फेरीआधी खोक्यातून एकेक वस्तू उचलायची, फळी, करवत, क्रॉसबो, काटेरी तार, काहीही, आणि हवी तिथे लावायची. मग सगळ्यांनी झेंड्याकडे पळत सुटायचं. सगळेच पोचले तर गुण नाहीत, कुणीच नाही पोचलं तरी नाहीत. थोडक्यात, आपण सुटावं आणि बाकीचे मरावेत, एवढाच रस्ता अवघड करायचा.

आमच्याकडे नेमकं हेच जमत नाही. धाकट्या भावाला खोकं उघडलं की करवतच दिसते, आणि ती थेट झेंड्याच्या तोंडाशी. तीन-चार फेऱ्यांत मुंगीलाही वाट उरत नाही. गेममध्ये प्रत्येकाने एक प्राणी निवडायचा असतो, आईने घोडा घेतलाय. बिचारा पहिल्याच खड्ड्यात जातो आणि ती 'अरे, मी कुठला?' विचारत राहते. तरी हसून हसून पुरेवाट होते, म्हणून बंदही करवत नाही.

तर विचारायचं असं : नवख्या माणसाला गुणांत थोडी सवलत देता येते का, आणि कुठल्या सेटिंगमधून? करवती-क्रॉसबो खोक्यात कमी याव्यात असं करता येतं का? तुंबलेली वाट मोकळी करायला बॉम्ब आहे, पण हवा तेव्हा येतच नाही. आणि आईला भिंतीवरून उडी शिकवायला सोपी लेव्हल कुठली? रविवारी मामाकडचेही येणार आहेत, त्याआधी सांगा.